वारा बघतोस तसा उतारही बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

हरणांच्या शिकारीचं लायसन्स आलं, धनुष्याची प्रॅक्टिस रोज चालू आहे, वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस की हवामानाच्या ॲपमध्ये वारा पश्चिमेकडून येत होता, हरणांची वाट स्टँडच्या, म्हणजे झाडावरच्या तुझ्या मचाणाच्या, पश्चिमेला होती, मग वास त्यांच्यापर्यंत पोचला कसा आणि ती मादी फुत्कार टाकून पळाली कशी. अरे, तुझा स्टँड टेकडीच्या पश्चिम उतारावर, वाट खाली हॉलोमध्ये, म्हणजे टेकड्यांमधल्या घळीत, आणि वेळ संध्याकाळची, इथेच उत्तर आहे.

ॲप जो वारा सांगतं तो मोकळ्या जागेवर दहा मीटर उंचीचा. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगररांगांमध्ये वारा मंद असला की उतारच हवा चालवतो. ऊन पडलं की जमीन तापते, हवा उतारावरून वर चढते, आणि सूर्य कलला, सावली आली की तीच हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी खाली उतरते, ओढ्याकडे. तुझा वास तिच्याबरोबर थेट त्या मादीच्या नाकात गेला. म्हणजे एकच झाड सकाळी चांगलं आणि संध्याकाळी वाईट असू शकतं, हे आधी डोक्यात पक्कं बसव.

सकाळीसुद्धा घाई नको, उजाडलं म्हणजे हवा लगेच वर जात नाही, उतारावर ऊन पोचेपर्यंत ती खालीच वाहत असते, आणि उत्तरेकडच्या उतारावर तर बराच उशीर लागतो. ढगाळ दिवशी हा प्रकार कमजोर, तेव्हा वाऱ्याचंच ऐकायचं. संध्याकाळी ओढ्याकाठी बसायचं असेल तर हरणं जिथून येणार त्याच्या खालच्या अंगाला बस, कारण गार हवा ओढ्याबरोबर खाली जाते.

हवा कुठे जाते ते बघायला मिल्कवीड नावाच्या झुडपाच्या सुकलेल्या शेंगा गोळा करून ठेव. आपल्याकडे रुईची म्हातारी उडते ना, तशीच ती, एकाच कुळातली. बी काढून टाक आणि स्टँडवरून एकेक तंतू सोड आणि नजर हटवू नकोस, आधी सरळ जाईल, मग वीस पावलांवर अचानक वळेल, कधी गोल फिरून खाली बसेल. तुझा वास तिथेच बसतोय. वारा बघायला पावडर उडवायची बाटली मिळते, तिच्यात इतकं लांबचं दिसत नाही. दर थोड्या वेळाने सोडत जा, सूर्य कलताना तर नक्कीच.

कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, पुढे गेल्यावर वायव्येचा वारा लागतो, तेव्हा मोठे नर बहुतेक रिजच्या, म्हणजे डोंगराच्या लांबट धारेच्या, वारा न लागणाऱ्या आडोशाच्या बाजूला, माथ्यापासून थोडं खाली बसलेले असतात, मागून वारा वास आणतो, खालून चढती हवा आणते आणि समोरचं डोळ्यांना दिसतं. त्यांच्यावर माथ्यावरून जायचा विचारही करू नकोस, बाजूने जा.

वास घालवायचे स्प्रे आणि महागडे कपडे यावर पैसे उडवू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे, श्वास तर सुटतोच ना. आणि वारा फिरला तर हट्ट न करता उतर आणि हरणं नसलेल्या बाजूने निघून जा, ती जागा पुढच्या वेळी कामाला येईल.

पडू नये म्हणून बांधायचा पट्टा, हार्नेस, जमिनीवरच घालायचा, वर चढून नाही. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका