खोटा बाजार भरवायचाय? आधी किमतीच्या चिठ्ठ्या काढा

तुम्ही लिहिलंय की मुलं 24, वय 7-8, इंग्रजीचं दुसरं वर्ष, हातात 40 मिनिटांचा एकच तास. मागच्या वेळी दुकानं छान सजली, पण मुलं वस्तूकडे बोट दाखवायची, पैसे ठेवायची आणि पुढे जायची. जी काही बडबड झाली ती घरच्या भाषेत. यंदा काय बदलावं, हा प्रश्न.

माझं उत्तर: किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाका आणि माल झाकून ठेवा.

वस्तू समोर दिसतेय, किंमत तिच्यावर लिहिलीय, मग मुलाने तोंड उघडायचं कशाला? तुमची मुलं आळशी नव्हती, व्यवहारी होती. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला माहीत नाही, अशी काहीतरी गोष्ट मधे असल्याशिवाय बोलायची गरजच पडत नाही. मीही पहिली दोन वर्षं कागदी झालरी आणि रंगीत पाट्या करण्यात रात्री घालवल्या. फोटो सुंदर आले, इंग्रजी आलं नाही.

आता मी असं करते. 6 दुकानं, पण प्रकार 3च: कपडे, खेळणी, लेखनसाहित्य. प्रत्येक प्रकाराची 2 दुकानं, आणि दोघांकडे किमती वेगळ्या. किमतीचा कागद फक्त दुकानदारासमोर, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा. माल म्हणजे चित्रांची कार्डं, तीही दुकानदाराच्या मागे डब्यात. गिऱ्हाइकाच्या यादीत नुसती टोपी नाही, निळी छोटी टोपी. दुकानदाराकडे निळी मोठी आहे, लाल छोटी आहे, आणि कदाचित निळी छोटी नाहीच. मग 'स्मॉल ऑर बिग?' हा प्रश्न पाठ करून घ्यावा लागत नाही, त्याची गरजच पडते. प्रत्येक दुकानातल्या दोनेक गोष्टी मुद्दाम गायब ठेवा. 'सॉरी, नो' म्हणायला मुलांना काय आनंद होतो, ते बघाच. यादी चित्रांची असू द्या, शब्दांची नको, नाहीतर मूल वाचून दाखवतं आणि तेवढ्यावर भागवतं. 3 वस्तू यादीतल्या, चौथी स्वतःच्या आवडीची, आणि सगळं 60 मध्ये बसवायचं. बेरीज जड जात असेल तर 60ची अट सरळ सोडून द्या, हा गणिताचा तास नाही.

किमती ठरवताना खोडसाळपणा करा. एका दुकानात टोपी 13, दुसऱ्यात 30. चेंडू 14 आणि 40. वही 15 आणि 50. या जोड्या भल्याभल्यांना फसवतात. 'थर्टीन' सुटं म्हणताना जोर शेवटावर येतो, 'थर्टी'चा सुरुवातीवर. पण आपण आकडे शिकवतो ते ओळीने घोकून, आणि ओळीने मोजताना 'थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन' यांचाही जोर पुढे सरकून सुरुवातीवर येतो. म्हणजे मूल घोकंपट्टीतून जो उच्चार घेऊन येतं, तोच बाजारात गोंधळ घालतो. आदल्या दिवशी 5 मिनिटं फक्त या जोड्या ऐकवा. तुम्ही म्हणायचं, मुलांनी योग्य आकड्याचं कार्ड वर करायचं, बोलायचं नाही. 23, 32 असले आकडे मात्र पहिल्या बाजारात घेऊ नका. मराठीत, जर्मनमध्ये, अरबीत एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं. अशा घरचं मूल 'ट्वेंटी थ्री' ऐकून 32 लिहितं. तो वेगळा धडा आहे.

नाणी-नोटा मी बंद केल्या. सुटे पैसे देण्या-घेण्यात निम्मा वेळ जातो आणि ते काम मुकाट्याने होतं. त्याऐवजी गिऱ्हाइकाकडे हिशेबाची पट्टी असते. किंमत ऐकायची, स्वतः लिहायची, दुकानदाराने आपल्या वहीत तीच नोंद करून पट्टीवर सही ठोकायची. (सहीवर मुलं इतकी खूश असतात की नाण्यांची आठवण दोन मिनिटांत विसरतात.) शेवटी पट्टी आणि वही जुळवली की कोणी काय ऐकलं ते आपोआप उघडं पडतं. एका वर्षी एक दुकानदार 30 वर ठाम आणि गिऱ्हाईक 13 वर. दोघं पाच मिनिटं एकमेकांना तो एकच शब्द निरनिराळ्या जोरात ओरडून सांगत होते. त्याहून चांगला उच्चाराचा सराव मी आजवर घेतलेला नाही.

वाक्यं थोडी ठेवा. 'कॅन आय हॅव ... प्लीज', 'हाउ मच इज इट?', 'हिअर यू आर', 'सॉरी, नो'. व्याकरण फोडून सांगू नका, अख्खं वाक्य एका शब्दासारखं तोंडात बसू द्या. लिली वाँग फिलमोर यांनी 1976च्या आपल्या संशोधनात इंग्रजी शिकणाऱ्या 5 स्पॅनिशभाषक मुलांचा मागोवा घेतला होता. ती मुलं आधी अशी अख्खी वाक्यं उचलत होती आणि त्यातले तुकडे बदलायला पुढे शिकत होती. 'हाउ मच आर दे?' नको वाटत असेल तर मोजे, चष्मे असल्या जोडीच्या वस्तू मालातून काढून टाका; काम झालं.

आता घरच्या भाषेचं. मी एकदा दंड लावला होता: इंग्रजी सोडून बोललं की 5 वजा. ज्यांना आधीच कमी येत होतं ती मुलं दहा मिनिटांत दिवाळखोर झाली आणि गप्प बसली. ज्यांना येत होतं ती इतरांच्या चुगल्या करत फिरली, त्याही घरच्या भाषेत. ते पुन्हा केलं नाही. त्याऐवजी एक वही घेऊन फिरा आणि मुलं घरच्या भाषेत नेमकं काय म्हणतात ते टिपा. माझ्या वहीत दर वर्षी तेच सापडतं: 'थांब ना', 'माझा नंबर आहे', 'संपलं', 'ए, हे नको, ते', 'महाग आहे!' म्हणजे टोपी मागायचं इंग्रजी मी दिलं होतं, पण रांगेत भांडायचं दिलंच नव्हतं. दोष मुलांचा नाही, माझ्या तयारीचा. 'वेट', 'माय टर्न', 'नो मोर', 'नॉट धिस, दॅट वन', 'टू मच!' एवढं आधी दिलं की फरक लगेच दिसतो. 'टू मच' तर नाटकी आवाजात शिकवा, ते दिवसभर वर्गात घुमतं.

वेळेचं गणित: मांडणी 5 मिनिटं, रंगीत तालीम 4, पहिली फेरी 8, थांबा 4, अदलाबदल 2, दुसरी फेरी 8, हिशेब जुळवणं 6, आवरणं 3. प्रत्येक दुकानात 2 दुकानदार, दोघंही बोलणारे. एक बोलतो आणि एक पिशवी भरतो, हे चालू देऊ नका. म्हणजे 12 दुकानदार, 12 गिऱ्हाइकं, एका वेळी 12 संवाद. गोंगाट होईल, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

मधल्या 4 मिनिटांचा थांबा मात्र कापू नका, वेळ कमी पडला तर आवरण्याची कापा. फेरी चालू असताना मी कुणाचीही चूक दुरुस्त करत नाही. मुलाचं चुकीचं वाक्य आपण बरोबर करून म्हणतो आणि त्याला कळलं असं समजतो, पण बहुतेकदा ते त्याच्या लक्षातही येत नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षकांची हीच सवय सगळ्यात जास्त आणि तिला मुलांकडून मिळणारा प्रतिसाद सगळ्यात कमी दिसला. म्हणून थांब्यात फळ्यावर एकच वाक्य, ऐकलं तसं, नाव न घेता: 'गिव्ह कॅप'. दुकानदाराला कसं वाटेल? कसं म्हणूया? मुलंच सुधारतात, आणि दुसऱ्या फेरीत तेच वाक्य वापरायची संधी लगेच मिळते.

अजून न बोलणारी दोन-चार मुलं असतीलच. नवी भाषा सुरू झाली की काही मुलं बरेच महिने नुसती ऐकतात, त्यात काळजीचं काही नाही. पण त्यांना झाडू मारायला किंवा पाहुण्यांचं स्वागत करायला लावू नका. त्यांना दुकानदार करा, दोन्ही दुकानदारांनी बोलायचं ही अट त्यांच्यापुरती सोडा. गिऱ्हाईक काय म्हणालं ते ऐकून योग्य कार्ड काढणं हेच त्यांचं काम, त्यात बोलण्याहून जास्त इंग्रजी लागतं. 'हिअर यू आर' आपसूक कधीतरी निघतं.

पालकांना बोलवायचा विचार असेल तर दुसऱ्या बाजाराला, आणि फक्त गिऱ्हाईक म्हणून. दुकानात बसवलं की सगळं बोलणं तेच करतात.

हो, दुसरा बाजार. आठवड्याच्या आत तोच पुन्हा भरवा. नवे शब्द नकोत, नवी सजावट नको, फक्त किमतीचे कागद आणि कार्डं दुकानांमध्ये उलटीपालटी करा. मुलं कंटाळत नाहीत, कंटाळतो आपण. कार्डं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, माझी सहा वर्षं टिकलीत. निळी छोटी टोपी तेवढी दर वर्षी कुणीतरी खिशात घालून घरी नेतं.