वाचक विचारतात : जुन्या रहस्यकथा

प्रश्न : रद्दीवाल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड मालिकेतली पुस्तकं मिळतात. घेताना काय पाहावं? काहींना कसर लागली आहे.

उत्तर : आधी शेवटचं पान पाहा. वाचनालयांतून फिरलेल्या प्रतींची पहिली आणि शेवटची पानंच आधी गळतात, आणि रहस्यकथेत शेवट नसेल तर उरलं काय? मग पृष्ठांक सलग आहेत का ते तपासा. फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) निखळला की एकदम आठ किंवा सोळा पानं जातात, आणि वरून चाळताना ते कळत नाही. वाचनालयाच्या शिक्क्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुखपृष्ठ मूळचं असणं जास्त महत्त्वाचं, कारण पुठ्ठा बांधताना ते बहुधा फेकून देत.

पानाचा कोपरा हलकेच वाकवून पाहा. तुटला तर कागद आम्लाने कुजलाय. अशी प्रत दुर्मीळ असेल तरच घ्या.

कसरीसाठी पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून पानं ओली होतात. उन्हात वाळवणं टाळा, कागद आणखी पिवळा पडतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका. त्याचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. पातळ जपानी टिश्यू (दुरुस्तीसाठीचा तलम, चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. गंजलेल्या पिना मात्र लगेच काढा.