केळीचे तीन लाख आणि जुनं मशीन
यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. मुलगा 'प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर'चा आयटीआय झालाय. जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय, महिना 8,500 रुपये. शालकांचं म्हणणं, "एवढ्याशा पैशासाठी पोराला कशाला राबवता? प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारं जुनं इंजेक्शन मोल्डिंग मशीन आठ लाखांत मिळतंय, घेऊन टाका." हातात केळीचे 3 लाख आहेत, 5 लाख कर्ज काढावं लागेल.

भाऊ, मशीन आत्ता नको.

पाच लाख, 12 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो साधारण 11,100 रुपये, आणि मशीनला काम मिळो न मिळो, तो द्यावाच लागतो. शालकांनी मशीनची किंमत सांगितली, डायची, म्हणजे साच्याची, नाही. वस्तू घडते ती डायमध्ये. बादलीची वेगळी, झाकणाची वेगळी. वर शेड, वीजजोडणीची अनामत, डाय थंड ठेवायची सोय, वाया माल दळायला ग्राइंडर. प्लास्टिकच्या दाण्याचा, म्हणजे कच्च्या मालाचा, भाव कच्च्या तेलामागे पळतो. नव्या माणसाला दाणा रोखीनेच मिळतो, गिऱ्हाईक मात्र दोन-दोन महिने उधारी ठेवतं. केळीच्या व्यापाऱ्याशी तुमचा व्यवहार आहे, उधारी काय असते हे मी वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे हिशेब असलेल्या एका कारखानदाराने मला मशीनमधून काढलेला, वितळता माल पुढे ढकलणारा स्क्रू दाखवला होता. काळा पडलेला, पाती खाल्लेली. नव्या पोराने पीव्हीसी प्लास्टिक बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू फिरतो त्या तापत्या नळीत, तसंच ठेवून जेवायची सुट्टी घेतली होती. तापलेल्या बॅरलमध्ये पीव्हीसी पडून राहिलं की करपतं, त्यातून आम्लाचा वायू सुटतो आणि तो लोखंड खातो. मशीन थांबवण्याआधी दुसरा माल घालून बॅरल साफ करायचं असतं, त्याला पर्जिंग म्हणतात. हे आयटीआयच्या वहीत असतंच, पण हाताला लागतं ते कारखान्यातच. माल अर्धवट का भरतो, कडेला फ्लॅश, म्हणजे जादा पापुद्रा, का येते, डाय कशी बसवायची, हे शिकताना होणारं नुकसान या वर्षी कारखाना सोसणार आहे. तुमच्या मशीनवर ते तुम्ही सोसाल.

पण डोळे झाकून सही करू नका. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ असतो. पीएफ नाही, आणि वर्षानंतर नोकरी द्यायचं बंधनही कंपनीवर नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे काही ठिकाणी कोटा भरायला पोरं घेतात आणि वर्षभर खोके भरायला बसवतात. मुलाला सांगा, आधीच्या तुकडीतल्या एखाद्या पोराला गाठून विचार, मशीनवर हात लावू दिला का? करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. मधल्या कुणी 'लावून देतो' म्हणून पैसे मागितले तर उठून या.

खोली आणि मेस धरून मी त्याचा खर्च पाच-सहा हजार धरतो. उरलेले अडीच-साडेतीन हजार त्याच्याकडेच राहू द्या, घरी मागू नका. भुसावळमार्गे रोज अप-डाऊन करण्यापेक्षा खोली बरी. शिफ्टनंतरची एसटी भरवशाची नसते.

तीन लाखांपैकी एक लाख घरात हाताशी ठेवा. वादळात बाग आडवी झाली तर खताची उधारी थांबत नाही. दोन लाख बँकेत वर्षभराच्या एफडीत. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे जाऊ नका. आपल्या जिल्ह्यात ठेवीच्या पावत्या घेऊन फिरणारे म्हातारे मी पाहिलेत.

वर्षभराने राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात आलं की एक तर दोन-तीन वर्षं नोकरी, नाहीतर त्याला पुढे शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, त्यासाठी ही एफडी कामाला येईल. मशीनचं तेव्हा बघू. तोवर जुन्या मशीनचा स्क्रू किती झिजलाय, हायड्रॉलिक कुठे गळतंय, हे तुमचाच मुलगा शालकांना दाखवेल.

सहीआधी कराराचा फोटो पाठवा. ट्रेडच्या, म्हणजे कामाच्या प्रकाराच्या, रकान्यात काय लिहिलंय ते मला बघायचंय.