बोली, घड्याळ आणि हातोडा : ऑनलाइन लिलावाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : सर्वांत मोठी बोली माझी होती. विक्रेत्याने लिलाव मध्येच बंद केला. म्हणतो, एवढ्या स्वस्तात परवडत नाही.

उत्तर : हा हिशोब वस्तू मांडण्याआधी करायचा असतो. जर्मनीत एकाने जुनी गाडी १ युरोपासून लिलावात काढली आणि बाहेर ४,२०० युरो देणारे गिऱ्हाईक भेटताच लिलाव गुंडाळला. तोवर एकच बोली आली होती. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने गाडीचे मोल ५,२५० युरो धरून त्या बोलीवाल्याला ५,२४९ युरो भरपाई दिली. वस्तू चोरीला गेली, मोडली अशा कारणांसाठी लिलाव मागे घेण्याची मुभा बहुधा साइटच्या अटींत असते. तुमच्या विक्रेत्याचे कारण त्यात बसत नाही.

प्रश्न : मी बोली वाढवली की मिनिटाभरात कुणीतरी थोडीशीच वर जातो. हा विक्रेत्याचाच माणूस असेल का?

उत्तर : बोलींचा इतिहास उघडा. खाते नवे, बोली फक्त याच विक्रेत्याच्या मालावर आणि जिंकणे जवळपास कधीच नाही, असे दिसले तर संशयाला जागा आहे. लगेच स्क्रीनशॉट घ्या. नंतर हा तपशील दिसेलच असे नाही. भारताच्या १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ यावर स्पष्ट आहे : बोलीचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावायची नाही. खोट्या बोलीने भाव चढवला, तर सौदा रद्द करणे खरेदीदाराच्या हातात.

जर्मनीत तर असा डाव विक्रेत्यावरच उलटला. दुसऱ्या खात्यावरून त्याने स्वतःच्या गाडीची बोली १७,००० युरोंपर्यंत नेली. २०१६ साली न्यायालयाने त्याच्या सगळ्या बोली वगळल्या. उरली खऱ्या गिऱ्हाइकाची दीड युरोची बोली! गाडी एव्हाना दुसऱ्याला विकलेली, त्यामुळे १६,५०० युरो भरपाई बसली. मला हा निकाल फार आवडतो.

प्रश्न : लिलावात घेतलेला माल परत करता येतो का?

उत्तर : युरोपीय संघात विक्रेता व्यापारी असेल तर साधारणपणे १४ दिवसांत, कारण न देता. गंमत हातोड्याची आहे. ज्या लिलावाला ग्राहक प्रत्यक्ष हजर राहू शकतो आणि जो लिलावकर्ता चालवतो, त्याला या हक्कातून सूट आहे. साइटवर हातोडा नाही, फक्त घड्याळ संपते. म्हणून ती सूटही नाही. घरातली जुनी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसाला मात्र हा नियम लागू नाही. भारतात असा सरसकट हक्क नाही. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मग साइटची जबाबदारी काय?

उत्तर : नुसती जागा पुरवणाऱ्याला कायदा बरेच संरक्षण देतो. पण साइट स्वतः वस्तूची मांडणी सुधारून देत असेल, जाहिरात करत असेल, तर ते कवच गळू शकते, असे युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. तक्रार लेखी करा, तारखेसह.