ऑस्ट्रेलियाने 'कॅरेक्टर'च्या (चारित्र्याच्या) कारणावरून भावाचा व्हिसा रद्द केला. कोर्ट तो परत देईल का?

थेट नाही. तुमचा भाऊ माणूस म्हणून कसा आहे, हे फेडरल कोर्ट ठरवत नाही. निर्णय कायद्याला धरून झाला का, एवढंच ते बघतं. म्हणणं मांडायची संधीच दिली नाही, महत्त्वाचा मुद्दा विचारात घेतला नाही, असं काहीतरी दाखवावं लागतं. जिंकलात तरी प्रकरण बहुधा पुन्हा निर्णय घेणाऱ्यांकडेच जातं. टेनिसपटू जोकोविचचं आठवा (कारण वेगळं होतं, चारित्र्याचं नव्हे): १० जानेवारी २०२२ ला कोर्टात जिंकला, १४ ला मंत्र्यांनी व्हिसा पुन्हा रद्द केला, १६ ला तीन न्यायाधीशांनी एकमताने त्याचा अर्ज फेटाळला.

खरा जीव मुदतीत आहे. आधी व्हिसा रद्द केल्याच्या पत्रावर सही कुणाची, अधिकाऱ्याची की मंत्र्यांची, ते बघा. भाऊ तुरुंगात असताना व्हिसा आपोआप रद्द झाला असेल, तर निर्णय मागे घ्या अशी विनंती २८ दिवसांत करायची. ती अधिकाऱ्याने फेटाळली तर ट्रिब्युनल (सरकारी निर्णय पुन्हा तपासणारं न्यायाधिकरण), आणि भाऊ ऑस्ट्रेलियात असेल तर त्याला फक्त ९ दिवस! ट्रिब्युनल निदान गुणदोष तरी तपासतं. मंत्र्यांनी स्वतः निर्णय घेतला असेल तर ट्रिब्युनल नाही, ३५ दिवसांत फेडरल कोर्ट. आजच तिथला इमिग्रेशन वकील गाठा.