केंदाळ काढण्याआधी नाला बघ

भावा, कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर सफाईला पहिल्यांदाच येतोयस, म्हणून सांगतो. केंदाळ, म्हणजे पाण्यावर तरंगणारी जलपर्णी, नुसतं उपसून भागत नाही. ऊबदार हवेत ते दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. नाल्यातून येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) हेच त्याचं खाद्य. आधी नाल्याचं तोंड बघ. साबणाचा फेस, काळा गाळ दिसला की फोटो काढ, महापालिकेत तक्रार दे आणि पोच घे.

उपसलेलं केंदाळ काठावर अजिबात ठेवू नकोस. आम्ही एकदा ढीग तिथंच सोडला. चार दिवसांत कुजून तपकिरी पाणी परत तळ्यात उतरलं. अजून जिवाला लागतं ते. लांब नेऊन त्याचं खत कर.

घरी शेती असेल तर वडिलांना सांग, पावसाच्या तोंडावर युरिया नको, त्यातलं नत्र वाहून पाण्यात जातं; ते अडवायला बांधावरचं गवतही राखा.