बादलीतला रोहू आणि केबिनमधले दोन तास

प्रश्न: वकीलसाहेब, ठाण्यातल्या एका जुन्या तलावावर मी रविवारी गळ टाकून बसतो. निवृत्तीनंतर तेवढाच नाद. तलाव शिलाहारांच्या काळचा म्हणतात. माझे आजोबाही इथेच गरवायचे. गेल्या रविवारी तलावातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसाने माझी ६,५०० रुपयांची दांडी-रीळ ओढून घेतली. 'मासेचोर' म्हणत मला आणि दहा वर्षांच्या नातवाला दोन तास केबिनमध्ये बसवून ठेवलं. बादलीत एकच रोहू होता. त्याच्या मोबाइलवर २,००० रुपये 'दंड' पाठवला तेव्हा सोडलं. दांडीसाठी आणखी ३,००० मागतोय. मासे धरायला मनाईचा बोर्ड आहे, पण तिथे बरेच जण बसतात. मी खरंच चोर ठरतो का?

उत्तर: काका, आधी तुम्हाला न आवडणारं सांगतो. तलाव कितीही जुना असो, त्यातून मासे धरायचा हक्क त्या जुनेपणातून मिळत नाही. आजोबा गरवायचे ते कुणी हटकत नव्हतं म्हणून. अशा मुभेचा कायद्याने हक्क होत नाही. सुखाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक वापर करायचा हक्क, सांगायचा तर वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापर केल्याचं कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्या वाटेला जाऊ नका.

नदीतला, खाडीतला मोकळा मासा कुणाच्या मालकीचा नसतो. पण ज्या बंदिस्त तलावातून मासा बाहेर जाऊ शकत नाही, तिथला मासा तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या ताब्यात आहे असं कायदा मानतो. ठेकेदाराने माशांचं बीज सोडलं असेल तर रोहू त्याचा. हक्क आहे असं प्रामाणिकपणे वाटून घेतलेली वस्तू चोरी ठरत नाही, हा बचाव तुम्हाला मिळाला असता. पण बोर्ड आहे हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे तो लंगडा पडतो. इतर जण बसतात हे उत्तर कोर्टात चालत नाही.

तरीही घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ५,००० रुपयांखालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची.

आता त्या माणसाचं बघू. खासगी व्यक्ती कुणाला पकडू शकते ते फक्त तिच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा तो माणूस फरारी घोषित गुन्हेगार असेल तर. एका रोहूसाठी आजोबा-नातवाला कोंडून ठेवण्याचा अधिकार त्याला नव्हता. कलम १२७ खाली याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे.

दांडीचं तर आणखी गंभीर आहे. दुसऱ्याची वस्तू संमतीशिवाय घ्यायची आणि पैसे मिळेपर्यंत परत करायची नाही, हे चोरीचं उदाहरण कलम ३०३ मध्येच दिलेलं आहे. दांडी ५,००० च्या वरची, म्हणून ही चोरी दखलपात्र. तुम्हाला चोर म्हणणाऱ्यावरच मोठी चोरी लागू होते! नातवाला हे सांगा, आणि आपणही बोर्ड मोडायला नको होता हेही सांगा.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि दांडीची पावती जपून ठेवा. परिसरातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा, असा अर्ज महापालिकेला याच आठवड्यात द्या. ते चित्रण फार दिवस टिकत नाही. माहिती अधिकारात दहा रुपये भरून ठेक्याच्या अटींची प्रत मागा. दंड करायची मुभा ठेकेदाराला आहे का आणि हौशी गळवाल्यांना पास मिळतो का, हे त्यातून कळेल. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करा. घेतली नाही तर पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा. खंडणीचं कलम मात्र तुम्ही होऊन लिहू नका. त्यावर वाद घालायला समोरच्यांना जागा मिळते. कोंडणं आणि दांडी, दोन्ही पुरेशी ठोस आहेत.

तलाव सोडून खाडीवर जायचा विचार असेल तर जागा नीट बघा. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय शिरलात तर वन्यजीव कायदा लागतो, आणि तो या रोहूच्या भानगडीपेक्षा खूप कडक आहे.

तक्रार गेली की दांडी बहुधा आपोआप घरी येईल. सोबत 'मी चोरी केली, माफी मागतो' असा कागद पुढे करतील. त्यावर सही करू नका. 'दांडी व रीळ परत मिळाली' एवढंच लिहा, खाली तारीख घाला आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.